कोअरचा नंबर प्रोग्रामने मागावा का?

संगणकाच्या एका चिपमध्ये आज आठ, सोळा किंवा त्याहून अधिक कोअर असतात. कोणते काम कोणत्या कोअरवर चालवायचे, हे सहसा ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते आणि गरजेप्रमाणे काम हलवतेही. या हलवाहलवीत वेळ जातो. चालू कामाला लागणारी माहिती त्या कोअरजवळच्या ‘कॅशे’ नावाच्या छोट्या, वेगवान स्मृतीत साठलेली असते. रुग्ण दुसऱ्या वॉर्डात गेला आणि केसपेपर जुन्याच वॉर्डात राहिला की जे होते, तेच इथे होते. म्हणून काम एखाद्या कोअरला बांधून ठेवण्याची सोय प्रोग्रामरांना हवी असते.

ती देताना भविष्याचा अंदाज चुकला. 64 बिटांच्या विंडोजमध्ये प्रत्येक कोअरला एक बिट, म्हणजे 64 कोअरपुरतीच जागा. ती अपुरी पडल्यावर 2009 मध्ये विंडोज 7 सोबत कोअरचे गट पाडावे लागले. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत 1024 मावतात.

खरा पेच पुढचा आहे. 2020 मध्ये अ‍ॅपलच्या एम1 चिपमध्ये चार वेगवान आणि चार वीज वाचवणारे कोअर आले. मोबाइलमध्ये हे आधीपासून होतेच. आता नुसता ‘पाच नंबरचा कोअर’ मागणे म्हणजे खाट अतिदक्षता विभागातली की जनरल वॉर्डातली, हे न विचारता खाटेचा नंबर सांगणे. अ‍ॅपलने नंबर मागण्याची सोयच ठेवलेली नाही. काम किती तातडीचे, एवढेच प्रोग्रामने सांगायचे. घरगुती वापरासाठी हे शहाणपणाचे आहे.

पण विनंतीवर नेहमी भागत नाही. शस्त्रक्रियेतील यंत्रमानवाच्या हाताचे नियंत्रण ठरल्या क्षणी व्हायलाच हवे. तिथे सरासरी वेग उत्तम असून उपयोग नाही. लिनक्समध्ये अशा कामांसाठी कोअर राखून ठेवता येतात, तातडीच्या शस्त्रक्रियांचे थिएटर रिकामे ठेवतात तसे. (ते रिकामे पाहून हळहळणारे इथेही असतातच.) शिवाय नेटवर्क, डिस्ककडून येणारे व्यत्ययही दुसरीकडे वळवावे लागतात. 2024 अखेरच्या लिनक्स 6.12 मध्ये रिअल-टाइमची सोय मुख्य आवृत्तीतच आली, त्यामुळे असा वापर सोपा होईल.

तेव्हा हुकमाची सोय हवी, पण सरसकट नको. दोन प्रोग्रामांनी एकाच कोअरचा हट्ट धरला, तर बाकीचे मोकळे असताना तिथे रांग लागते. लिनक्समधील ‘सीपीयूसेट’ची पद्धत इथे अधिक पटते. कोअरची हद्द यंत्रणेचा व्यवस्थापक आखतो. प्रोग्रामने निवड करायची ती त्या हद्दीतच.