ड्युटी संपल्यावर जायचं कुठे?

साथीची तयारी म्हटली की आपल्याकडे खाटा, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर यांची मोजदाद सुरू होते. २७ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातल्या रुग्णालयांत झालेल्या कोविडच्या रंगीत तालमीचा भरही प्रामुख्याने तिथेच होता. मनुष्यबळाची नोंद होते, नाही असं नाही. पण हजेरीपटावर नाव असलेली सिस्टर रात्रपाळी उरकून घरी कशी पोहोचेल आणि घरात कुठे झोपेल, हा तिचा खासगी प्रश्न समजला जातो. खरं तर रुग्णालय चालणार की नाही, हे त्याच प्रश्नावर ठरतं.

केळवे, पालघर, बोईसर या पट्ट्यातून पाहिलं तर हे चटकन लक्षात येतं. इथून रुग्णालयांच्या कामाला वसई-मुंबई गाठणाऱ्यांचा सगळा भरवसा रेल्वेवर. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, ती अत्यावश्यक सेवेसाठी चर्चगेट ते डहाणू रोड सुरू झाली १५ जूनला. मधल्या काळात एसटीचा आधार होता, पण रस्त्याचं अंतर काही कमी होत नव्हतं. त्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि तीन डॉक्टर बाधित आढळले. मे उजाडला तो कल्याण-डोंबिवली महापालिकेचा फतवा घेऊन: मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिकडेच राहावं. टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला, पण आपल्याच गावाला आपण नकोसे झालो, ही भावना कशी मागे घेणार?

अशा वेळी ड्युटीवर जायची धास्ती वाटली, तर तिला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. सेवा पत्करली तर धोकाही पत्करला, असा युक्तिवाद होतो आणि दाखला सावित्रीबाईंचा दिला जातो. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. तो त्याग थोर, पण तो त्यांनी स्वतःहून केला होता. सरकारने तो कंत्राटी वॉर्डबॉयच्या पगारात धरून चालू नये. शिवाय भीती मरणाचीच असते असंही नाही. अमेरिकेतल्या शॅनाफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ६९ डॉक्टर-परिचारिकांशी गटागटाने बोलून चिंतेची आठ कारणं नोंदवली. पीपीई किटच्या जोडीने त्यात संसर्ग घरी नेण्याची भीती होती, मुलं कोण सांभाळणार हा घोर होता आणि आजारी पडलो तर संस्था पाठीशी उभी राहील का, ही शंकाही होती. आपण तेव्हा ५० लाखांचा विमा दिला. चांगलंच केलं, पण तो मेल्यावर मिळणारा दिलासा. जिवंतपणी अंघोळ करून पाठ टेकायला वेगळी खोली हवी असते.

खर्चाचा आक्षेप येईलच. मुंबईत ताज समूहाने डॉक्टर-परिचारिकांसाठी खोल्या उघडल्या होत्या. आपल्याकडे तेवढा थाट नको. केळव्याच्या किनाऱ्यालगत लॉज आणि घरगुती निवासाच्या खोल्या आहेत, आणि साथीत पर्यटक नसले की त्या रिकाम्याच असतात. जिल्हा प्रशासनाने शांततेच्या काळातच मालकांशी दर ठरवून करार करावेत, त्यात सफाई कामगार आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचा नावानिशी उल्लेख असावा, आणि बोईसर-पालघरच्या रुग्णालयांपर्यंत एसटीची फेरी पाळीच्या वेळेप्रमाणे बांधून घ्यावी. गाव विरोध करील, हा आक्षेप मात्र मला खर्चापेक्षा वजनदार वाटतो. साथ दाराशी आल्यावर विचारलं तर गाव नाहीच म्हणणार. म्हणून ग्रामसभेत आत्ताच बोलायला हवं: कचरा कोण उचलणार, कोणत्या वाटेने ये-जा होणार, कुणी बाधित निघालं तर कुठे हलवणार. तारापूर अणुऊर्जा केंद्रामुळे प्रकल्पाबाहेरच्या आपत्तीची तालीम या जिल्ह्याला नवी नाही. तशीच एक तालीम रात्रपाळी सुटल्यानंतरच्या दोन तासांची घेऊन बघावी.