जुन्या गाडीचा फेरफार

खासगी मोटारीला भारतात पहिली १५ वर्षे सक्तीची तांत्रिक तपासणी नसते. नोंदणी तेवढी वर्षे चालते. त्यानंतर गाडी आरटीओसमोर उभी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावे लागते. टॅक्सीला पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत विकायला निघालेल्या सात-आठ वर्षांच्या मोटारीचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा चासी मात्र नोंदणीनंतर कोणत्याही सरकारी निरीक्षकाने पाहिलेली नसते. तिच्याकडे पीयूसी असते, आणि पीयूसीत फक्त धूर मोजला जातो.

ब्रिटनमध्ये १९६० पासून एमओटी नावाची सक्तीची चाचणी आहे. गाडी ३ वर्षांची झाली की ती दरवर्षी द्यावी लागते. नंबर टाकला की कोणालाही त्या गाडीच्या जुन्या चाचण्यांचे निकाल, काढलेले दोष आणि त्या त्या दिवशीचा मीटरवरचा आकडा फुकट पाहता येतात. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि पुढच्या दर २ वर्षांनी होते. ब्रिटनसारखे एकत्र दप्तर भारतात नसल्याने जुनी गाडी घेणाऱ्याला तिचा इतिहास आरटीओ, विमा कंपनी आणि वर्कशॉप अशा तीन ठिकाणांहून गोळा करावा लागतो.

आरसी ही गाडीचा सातबारा आहे. आज मालक कोण आणि कर्जाचा बोजा आहे का, एवढे ती सांगते; मधल्या काळात काय घडले हे कळायला फेरफार काढावा लागतो. सुरुवात एमपरिवहन ॲपपासून करावी. गाडीच्या नंबरावर नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रम, इंधन, विमा व पीयूसीची मुदत आणि वित्तसंस्थेचे नाव तिथे दिसते. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून दाखवलेल्या गाडीचा अनुक्रम २ निघाला, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे. विमा वर्षभर खंडित असेल तर त्या काळात गाडी कुठे आणि का उभी होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गाडी आधी टॅक्सी होती का, हेही नोंदणीच्या कागदांवरून पडताळावे.

विम्याची पॉलिसी बहुतेक लोक फक्त मुदतीपुरती पाहतात. खरी माहिती तिच्यातल्या ‘नो क्लेम बोनस’च्या रकान्यात असते. क्लेम न घेता गेलेल्या वर्षांगणिक ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. पहिल्याच मालकाकडे असलेल्या सहा वर्षांच्या गाडीवर ती शून्य किंवा २० टक्के दिसली, तर अलीकडे क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी. मालक बदलला की ती पुन्हा शून्यावर येते, आणि काही जण क्लेमनंतरही सवलत टिकवणारे जादा संरक्षण घेतात. म्हणून हा आकडा एकट्याने निकाल देत नाही. मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात. क्लेम निघाला तर सर्व्हेअरचा अहवाल आणि दुरुस्तीचे बिलही मागावे.

तिसरे दप्तर अधिकृत वर्कशॉपचे. प्रत्येक सर्व्हिसिंगची तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग तिथे चासी नंबरावर नोंदलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन गेले की ही नोंद सहसा पाहायला मिळते. डिजिटल मीटर मागे नेणे आता अवघड राहिलेले नाही. वर्कशॉपची जुनी नोंद मात्र विकणाऱ्याच्या हातात नसते. शेवटच्या सर्व्हिसिंगला ७० हजार किलोमीटर आणि आज मीटरवर ५२ हजार, एवढा एक मेळ न बसणे गाडी नाकारायला पुरेसे आहे.

कोल्हापुरात या नोंदी वाचताना दोन महिने डोळ्यांपुढे असावेत : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, खाली शिरोळ तालुका आणि सांगली शहर पाण्यात गेले. दारात आणि तळमजल्यात उभ्या असलेल्या मोटारीही बुडाल्या.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. तो घेणारा गाडी वाळवतो, धुतो, सीट कव्हर बदलतो आणि नोंदणी रद्द झालेली नसेल तर पुन्हा बाजारात आणतो. आरसीवर पुराचा कोणताही शेरा येत नाही. ही या बाजारातली सर्वांत मोठी फसवणूक आहे आणि ती थांबवणे कठीण नाही. कोणती गाडी टोटल लॉस झाली हे विमा कंपन्यांना माहीत असते. विमा आणि पीयूसीची मुदत जर नंबरावर कोणालाही पाहता येते, तर ‘टोटल लॉस’ हे दोन शब्दही तिथेच दिसले पाहिजेत. त्यात कोणाचे खासगीपण उघडे पडत नाही. एअरबॅगचे वायरिंग गंजलेल्या गाडीत मुलाबाळांना बसवण्याआधी कुटुंबाला ते कळते.

तोवर गाडीच तपासावी लागते. राजारामपुरीला लागूनच शिवाजी उद्यमनगर आहे. इंजिनचे बोअरिंग आणि लेथची कामे पिढ्यान्‌पिढ्या करणारी ही वसाहत. ओळखीचा मिस्त्री इथे सापडतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. पायाखालचे मॅटिंग उचलावे, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट, डिकीतला स्टेपनीचा खळगा आणि फ्यूज बॉक्स पाहावा. नव्या सुगंधाचा भपकारा येत असेल तर काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवावी, म्हणजे दडलेला ओलसर वास वर येतो. ठोकलेली गाडी काचांवरून ओळखता येते : प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादनाची खूण असते, आणि २०१७ च्या गाडीला एकाच दाराची काच २०२० ची असेल तर ती काच नंतर बदललेली आहे. टायरवरचा चार आकडी शिक्का आठवडा आणि वर्ष सांगतो. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. शेवटी स्कॅनर लावून साठलेले एरर कोड वाचावेत.

बेळगावच्या केए २२ किंवा चिकोडीच्या केए २३ पासिंगची गाडी स्वस्त वाटते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतो आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. किंमत ठरवताना हा खर्च धरावा. गाडी चोरीची नाही याचा दाखला राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या पोर्टलवर निघतो. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

व्यवहार डीलरमार्फत असेल तर त्याचे आरटीओचे अधिकृत प्रमाणपत्र मागावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ते सक्तीचे आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यासाठी ४५ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत घेणाऱ्याच्या नावावर करून घ्यावा लागतो. तो राहिला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.