हॅलचे गाणे आणि निर्वातातील शांतता

स्टॅन्ली कुब्रिकच्या '२००१ : ए स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटाचे चाहते हटकून सांगतात : संगणक 'हॅल'च्या नावातील इंग्रजी अक्षरे एकेक घर पुढे सरकवा, 'आयबीएम' मिळते! सहलेखक आर्थर क्लार्क यांनी हा निव्वळ योगायोग ठरवला होता. मला त्याहून मोलाचे वाटते ते हॅलचे अखेरचे गाणे, 'डेझी बेल'. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ संगणकाकडून तेच गाऊन घेतले होते. क्लार्क यांनी ते तेथे ऐकले होते. पण विद्यार्थी मित्रहो, सर्वांत सुंदर जागा संगीताची नाहीच! बोमन हेल्मेटविना निर्वात कक्षात झेपावतो. स्फोट दिसतो, आवाज नाही. कक्षात हवा शिरते, तेव्हाच तो कानी पडतो. शिक्षकांनी हा प्रसंग वर्गात जरूर दाखवावा, ध्वनीचा धडा शिकवण्याआधी.