कार्डावर एक तारीख लिहा

दिवाळी सरली की नंदुरबार-धुळ्याकडची बिऱ्हाडं बारडोलीच्या ऊसपट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या कारखान्यांसाठी राबणाऱ्या या माणसांच्या हालांवर १९७८ मध्येच लिहिलं होतं. तेव्हा क्वचित दिसणारी मोटरसायकल आता पडावापर्यंत आली आहे. गावाकडे कुणी आजारी पडलं की सुरत-धुळे महामार्गावरून रात्रीच निघायचं, एका गाडीवर तिघं. त्या गाडीवरून पडलेल्या माणसाच्या हाताबद्दल आज लिहायचं आहे.

पडताना खांदा रस्त्यावर आपटतो आणि मान उलट्या बाजूला फेकली जाते. मानेतून हातात उतरणाऱ्या पाच नसांचा जुडगा त्या हिसक्याने ताणला जातो, तुटतो, कधी मज्जारज्जूपासूनच उपटून येतो. एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. हाड जुळतं, टाके निघतात, हात मात्र लोंबत राहतो. वरच्या दोनच नसा गेल्या असतील तर पंजा शाबूत असतो. बोटं भाकरी मोडतात, पण कोपर वाकत नाही म्हणून घास तोंडापर्यंत जात नाही. मग माणूस डाव्या हाताने उजवं मनगट धरतो आणि घास वर नेतो. घरातल्यांसमोर तेही नको म्हणून पुष्कळ जण भिंतीकडे तोंड करून जेवतात.

या हातावर इलाज आहे. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती नस आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यात तंतूंच्या अनेक जुड्या असतात. त्यातली एक काढून घेतली तरी पंजाचं काम सहसा अडत नाही. ती जुडी दंडातच, बेटकुळीच्या स्नायूकडे जाणाऱ्या मेलेल्या फांदीला जोडायची. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली. काकरापारच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही: वरचा पाट फुटला, तर शेजारच्या पाटाला बारं फोडून आपला वाफा भिजवायचा. खांद्यासाठी मानेतली दुसरी नस वळवतात. पाचही नसा गेल्या असतील तर बरगड्यांमधल्या नसाही वापरतात, आणि मग सुरुवातीला खोल श्वास घेतला की कोपर हलतं. अशा रुग्णाचा पंजा पूर्ववत होणं मात्र फार कठीण, हे त्याला आधीच सांगायला हवं. हे काम करायला परदेशी जावं लागत नाही. मुंबईत डॉ. मुकुंद थत्ते आणि पुण्यात डॉ. अनिल भाटिया यांनी त्यात अनेक वर्षं घातली आहेत.

पण वाफा कायमचा वाळायच्या आत पाणी पोचायला हवं. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. तिच्याविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात असा मरतो की नंतर नस पोचली तरी उठत नाही. म्हणून शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत व्हावी. उशीर झाला तर मांडीचा स्नायू दंडात बसवण्यासारखे मार्ग उरतात, पण ते अधिक अवघड.

आता हे महिने ऊसतोडीच्या वर्षावर मांडून पाहा. अपघात नोव्हेंबरात. मुकादमाची उचल अंगावर, म्हणून हंगाम सोडता येत नाही. बायको एकटी तोडते, हा एका हाताने मोळी बांधू पाहतो. ‘नस दबली आहे, येईल हळूहळू’ हे शब्द त्याने कुठल्या तरी दवाखान्यात ऐकलेले असतात. मग होळी. मग हिशेब. गावी मालिश, शेक. बधिर हाताला चटका कळत नाही, त्यामुळे शेकाने कातडी भाजते ती वेगळीच. जून येतो, पेरणी येते, आणि सात महिने संपलेले असतात.

या माणसाला मी निष्काळजी म्हणणार नाही. त्याला मुदत कुणी सांगितलीच नव्हती. काही नसा आपोआप सावरतात हे खरं, म्हणून सुरुवातीला वाट पाहणं चूक नाही. पण वाट किती दिवस पाहायची ते बोललं पाहिजे. माझी मागणी एवढीच: हात लुळा असलेल्या अपघातग्रस्ताला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत एक तारीख लिहा, अपघातापासून तीन महिन्यांची. या तारखेपर्यंत कोपर वाकलं नाही तर नसांच्या शल्यविशारदाकडे जायचंच. मराठीत लिहा, गुजरातीत लिहा, वाचता येत नसेल तर बायकोला आणि मुकादमालाही सांगा. उचल फेडण्याचं मुकादमाशी नंतर बोलता येईल.

वेळेत गेलेल्याचं पुढे काय होतं? ओबेर्लँच्या पद्धतीनंतर काही महिने काहीच होत नाही. व्यायाम शिकवणारी बाई दंडावर दोन बोटं ठेवते आणि म्हणते, दादा, मूठ आवळा. एके दिवशी त्या बोटांखाली काहीतरी थरथरतं. पुढे मूठ आवळली की कोपर थोडं वर येतं, कारण मेंदूला अजून ती पंजाचीच नस वाटते. रोज तेच, महिनोन्‌महिने. मग मूठ उघडी ठेवूनही कोपर वाकायला लागतं.