फोडणीवरचा कर कोण भरतो?

उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवर, अंबरनाथच्या बुवापाड्यात किंवा बदलापूरच्या चाळीत रोजंदारीवर चालणारं घर तेलाचा पंधरा किलोचा डबा भरत नाही. हातात पैसे येतील तशी एकेक पिशवी येते. त्या पिशवीवर सरकार किती कर घेतं, हा प्रश्न आपल्या बैठकांत निघत नाही. तो निघाला पाहिजे.

भारत गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून. युद्ध तिकडे होतं आणि फोडणी आपल्या घरात महागते. त्यावर आपलं सरकार आयात शुल्क लावतं.

१४ सप्टेंबर २०२४ ला, सणासुदीत आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झालं. कारण सांगितलं शेतकऱ्याचं. पण त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना महाराष्ट्राच्या बाजारात त्याहून कमी दरानेच खरेदी होत राहिली. याचं कारण साधं आहे. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्केच असतं, उरते ती बहुतांश पेंड. पेंडीचा भाव पडलेला असताना नुसतं तेल महाग करून शेतकऱ्याचं भलं होत नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण मराठवाडा-विदर्भातून इथे आले. गावाकडे भाऊ सोयाबीन पडत्या भावाने विकतो आणि इथे बहीण तेल चढ्या भावाने घेते. मधला पैसा गेला कुठे?

१९२७ साली मुंबईच्या कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी हेच दुखणं मांडलं होतं. प्राप्तिकरात ठराविक उत्पन्नापर्यंत सूट मिते, पण शेतसारा मात्र गरीब शेतकऱ्यालाही चुकत नाही, हा अन्याय त्यांनी दाखवला. तेलावरचा कर त्याच जातीचा आहे. बंगल्यातला माणूस झोपडीतल्यापेक्षा दहापट तेल खात नाही, पण दोघे लिटरमागे कर सारखाच भरतात. एकाला तो कळतही नाही, दुसऱ्याच्या कढईतलं तेल कमी होतं.

कोणी म्हणेल, शुल्क काढूनच टाका. ते चूक आहे. स्वस्त पामतेलाच्या लोंढ्यात आपला तेलबिया पिकवणारा कोरडवाहू शेतकरी वाहून जाईल. ३० मे २०२५ ला शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं गेलं, तरी मूळ प्रश्न तसाच आहे: हा पैसा कोणासाठी खर्च होतो?

आपली मागणी स्पष्ट हवी. या शुल्काच्या रकमेतून सोयाबीनची हमीभावाने पूर्ण खरेदी करा आणि रेशनवर दरमहा तेल द्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात धान्य आहे, तेल नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांच्या संचात एक लिटर पामतेल आलं, ते सणापुरतं. तामिळनाडूत मात्र रेशनवर २५ रुपयांत लिटरभर पामतेल देण्याची योजना वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे जमतं, मग इथे का नाही?

सणाला मिळते ती मेहेरबानी, दरमहा मिळतो तो हक्क. बाबासाहेबांनी आपल्याला मेहेरबानी मागायला शिकवलेलं नाही. पुढच्या मोर्चाच्या निवेदनात ही मागणी लिहा.

जय भीम!