चामड्याला वार्निश लावू नका

मागच्या जानेवारीत अकोल्याचं माहेरचं घर रिकामं करायला गेले होते. माळ्यावर एक लोखंडी पेटी होती, तिच्यात जुन्या रजयांच्या खाली दादांची बॅग सापडली. माझे वडिलांकडचे आजोबा, त्यांची हिशेबाची बॅग. एक झाकण, एक पट्टा, पितळी बक्कल, बास. चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं, लालसर तपकिरी, पण पापडासारखं कोरडं झालेलं. झाकण दुमडायला गेले तर कुरकुरलं. घाबरून सोडून दिलं.

अमरावतीला परत आल्यावर मी तेच केलं जे आपल्यापैकी कुणीही करेल. खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि अर्धी रिचवली. बॅगेने पाहता पाहता तेल पिऊन टाकलं, काळपट झाली, मऊ पडली. मी खूश. तीन दिवसांनी सकाळी बघते तर सगळ्या अंगावर पांढरी बुरशी. आमच्या साहेबजाद्याने मोबाईलवर शोधून सल्ला दिला, "अम्मी, सील करना पडता." त्याने कुठल्याशा दुकानातून लाकडी फर्निचरला मारतात तो चकाकीचा स्प्रे आणला. पुसून-पासून आम्ही झाकणावर तो मारला. दोन दिवस बॅग शोरूममधल्यासारखी दिसली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडताना दुमडीवर चकाकीला तडे गेले आणि पापुद्रे हातात आले.

मग जवाहर गेटजवळ पदपथावर बसणाऱ्या एका कारागिराकडे गेले. पिढीजात चपला शिवणारा माणूस, वय साठीच्या पुढे. त्याने बॅग उलटीपालटी केली, नाकाजवळ नेली आणि म्हणाला, "मॅडम, याले तुमी तेलात तळलं अन् वरून प्लास्टिकचं झाकण लावलं. आता हे श्वास कुठून घेईन?"

त्याने पुढच्या अर्ध्या तासात जे सांगितलं ते बीएडला वर्षभर मेहनत करूनही मला कुणी इतक्या नीट शिकवलं नसतं. आधी तीच गोष्ट सांगते, कारण कामाची आहे. भांडण नंतर.

आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. दिवसा-दोन दिवसांत होतं. झाडाच्या सालीने कमवायला आठवडे लागतात. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यातलं टॅनिन कातडीतल्या तंतूंना धरून बसतं, म्हणून कातडी कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच होतं. चुन्याच्या निवळीत केस काढायचे, कातडीची पिशवी शिवायची, तिच्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगून ठेवायची. पाणी झिरपत राहतं, चामडं रंगत राहतं. आपल्या वऱ्हाडात बाभूळ प्रत्येक धुऱ्यावर आहे आणि हिरडा वर मेळघाटात. सामानाची कमतरता इथे कधी नव्हती.

अशा चामड्यावर रंगाचा किंवा प्लास्टिकचा थर नसतो. म्हणूनच ते सुंदर म्हातारं होतं, आणि म्हणूनच त्याची काळजी घ्यावी लागते. तंतू सुकले की एकमेकांवर घासतात आणि तुटतात. तेल त्यांच्या मधे सरकतं, एवढंच त्याचं काम. जास्त तेलाने चामडं जास्त जिवंत होत नाही, ढिलं पडतं, काळं पडतं, धूळ धरतं. आणि माझी ती "बुरशी" बुरशी नव्हतीच. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. अमरावतीतली जानेवारीची पहाट आठवा. आत गेलेलं तेल गोठून वर आलं होतं. खरी बुरशी पावसाळ्यात येते, तिला ओलसर वास असतो आणि ती पुसल्यावर डाग राहतो. गोठलेलं तेल गरम हात फिरवला की विरघळतं. फरक ओळखायला हा एवढा तपास पुरतो.

जवसाचं तेल आपल्याकडे घरोघरी असायचं, ते तर मुळीच नको. ते हवेत सुकून कडक होतं. चित्रकार ते रंगात वापरतात ते त्याच गुणासाठी. करडीचंही थोडं तसंच. कारागीर स्वतः एरंडेल वापरतो, तेही कापडाच्या बोळ्यावर चार थेंब. आधी ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळू द्यायचं. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात ठेवाल तर चामडं नाही, वहाण भाजल्यासारखी मिळेल. मग आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून रंग किती बदलतो ते बघायचं. मग सगळीकडे पातळ हात. एक रात्र थांबायचं. सकाळी कोरडं वाटलं तरच दुसरा हात. त्यानंतर मेण. मधमाशीचं मेण एक भाग, तेल तीन भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नाही. बोटाने चोळायचं, तासाभराने कोरड्या कापडाने घासून काढायचं. "जे वर दिसते ते काढून टाकाचं," तो म्हणाला, "जे आत गेलं तेच आपलं."

याला तो सील करणं म्हणायला तयार नव्हता. मेणाने पाणी थोडं अडतं, पण चामड्याचे छिद्र बुजत नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा तेल पाजता येतं. स्प्रेचा थर तेलकट अंगावर धरत नाही, आणि धरला तर पुढे तेलाला वाट ठेवत नाही. कुठे बाजारातली तयार फिनिश वापरायचीच असेल तर ती चामड्यासाठी बनवलेली, लवचीक हवी, आणि तेल पूर्ण मुरल्यावर हवी. मोटेला, पखालीला, भिश्त्याच्या मशकीला आपल्या बापजाद्यांनी शेकडो वर्षं तेल पाजलं. त्यांच्यापैकी कुणी वार्निश मारलं नाही.

एक सूचना शाळा-मशिदींच्या कपाटांसाठी. जुन्या किताबांच्या चामडी जिल्दीला हात लावल्यावर लाल भुकटी लागत असेल तर तिथे तेल अजिबात नको. ते चामडं हवेतल्या आम्लाने आतून सडलेलं असतं, तेलाने परत येत नाही. उलट तेल पानांत उतरतं. सवाबच्या नीयतीने कुराणशरीफच्या जिल्दीला तेल चोळणारे बुजुर्ग मी पाहिले आहेत. नीयत पाक, पण पानांवर पिवळे डाग. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा आणि जाणकार मिळेपर्यंत तसंच राहू द्या.

आता भांडण.

ती बॅग माळ्यावर, रजयांच्या खाली का होती? माझे दादा अकोल्यात कच्च्या कातड्यांच्या गोदामात मुनीम होते. जनावरांची कातडी मीठ लावून, गठ्ठे बांधून रेल्वेने तमिळनाडूकडे जात. तिकडे वाणियमबाडी, आंबूर या गावांत तमिळ मुसलमानांचे मोठे चर्मोद्योग आहेत. दादांच्या हिशेबात ही नावं असायची, म्हणून ती मला लहानपणापासून पाठ. दादा घरी आले की अम्मा लोबान जाळायची. माझं बीएड झालं, रिश्ते यायला लागले, तेव्हा घरात ठरलं, "दादा कपास मार्केट में थे, बोलना." मीही तेच बोलले. सासरी बावीस वर्षं तेच बोलत आले. वऱ्हाडात कापूस म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

आमचे लोक मंचावर सांगतात, इस्लाममध्ये जात नाही, कामाला कमीपणा नाही. खरंय, दीनात नाही. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आपल्या चपला स्वतः गाठत. कुराणाच्या आयती ज्या ज्या गोष्टींवर लिहिल्या गेल्या त्यात चामड्याचे तुकडे होते. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश स्वतः कातडी कमावत, शिवत, आणि त्या कमाईतून सदका देत. मुलींच्या वर्गात हे सांगितलं की त्या चकित होऊन बघतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. दिबागत म्हणजे कमावणं. त्याने मेलेल्या जनावराची कातडीही पाक होते, डुक्कर वगळून, हे हनफी मदरशातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं.

पण त्याच मदरशातल्या 'हिदाया'त निकाहच्या बाबीत 'कफू'चं प्रकरण आहे. कोण कुणाच्या बरोबरीचा, याचं. त्यात पेशाचा विचार आला की हलक्या पेशांच्या उदाहरणांत हज्जाम आणि विणकराच्या शेजारी दब्बाग बसलेला आहे. म्हणजे चामडं पाक झालं, कमावणारा मात्र हलकाच राहिला. ते त्या जमान्याच्या उर्फाचं, म्हणजे लोकांच्या चालीचं वर्णन आहे, असं आलिम समजावतात. मला ते मान्य आहे. मग आजचा उर्फ आपण बदलायचा की तोही हजार वर्षांपूर्वीच्या शहरांकडून उसना घ्यायचा? आमच्या रिश्त्यांच्या बैठकीत 'चमडेवाले' हा शब्द अजूनही आवाज खाली करून बोलतात. 'हिदाया' कुणी वाचलेलं नसतं, पण निकाल तोच.

मराठी समाजाचंही वेगळं नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आमच्या स्टाफरूममध्येही संताप उसळला. आपली चप्पल चोरली! २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल! संताप बरोबर होता, कंपनीलाही नंतर मूळ मान्य करावं लागलं. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये जितक्या पायांत कोल्हापुरी होती, त्यातली निम्मी रेक्झिनची. आणि ज्या ढोर, चांभार समाजाने पिढ्यान् पिढ्या चुन्यात हात घालून ते चामडं बनवलं, त्यांच्या घरी चहा प्यायला किती जण गेले होते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही उत्तर द्यावं लागलं असतं.

इथे मला सांभाळून बोललं पाहिजे. चामड्याच्या कामाचा गौरव करा, असं मी सांगणं सोपं आहे, मला ते करावं लागलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडा म्हणून सांगितलं, कारण ते काम लोकांनी निवडलेलं नव्हतं, त्यांच्या गळ्यात बांधलेलं होतं. ज्यांनी ते सोडलं त्यांनी माणूसपणासाठी सोडलं. त्यांना कुणी परत बोलावू नये. मी फक्त माझ्या लोकांना विचारते आहे. आपल्यावर तर कुणी सक्ती केली नव्हती. कुरेशी, खाटीक, मोची, भिश्ती या आपल्या बिरादऱ्यांना हलकं कुणी ठरवलं? आपणच ना?

आणि आता तर पेशाच सुटत चालला आहे. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यात नाही, शेळी-मेंढी नाही, तरी कायदेशीर माल कागदांसह नेणाऱ्या गाडीवाल्यालाही रस्त्यात कोण अडवेल याची धास्ती असते. बकरीदला पूर्वी मदरशाचे लोक कातडी न्यायला गल्लीत सकाळपासून फिरायचे, त्या पैशात मुलांच्या जेवणाचे काही महिने निघत. आता भाव इतका पडला आहे की फोन करूनही कुणी येत नाही, आणि संध्याकाळी मीठ न लावलेली कातडी कचऱ्याच्या ढिगावर दिसतात. कुर्बानीच्या जनावराची कातडी नालीत! यावर जुम्याच्या खुत्ब्यात मी अजून काही ऐकलेलं नाही. म्हणजे आमच्या घरातल्या पुरुषांनी ऐकून मला सांगितलेलं नाही.

मला वाटतं, ज्या मदरशांना दरवर्षी कातडी मिळते त्यांनी दहा मुलांना ती मीठ लावून ठेवायला, आणि जमलंच तर बाभळीत कमवायला शिकवावं. शाळांच्या कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदाची फुलं करून घेतो. त्याऐवजी एक तास चपलेचा टाका शिकवता येतो. जवाहर गेटजवळचा तो भाऊ शिकवायला यायला तयार आहे. मी विचारलं. "पण मॅडम, पोरायचे मायबाप चालू देतीन का?" हे त्यानेच मला विचारलं.

बॅगेच्या झाकणावरचा स्प्रे त्याने बोथट पातीने, हळूहळू, दोन तास लावून खरवडला. चामड्याचा वरचा गुळगुळीतपणा काही ठिकाणी गेला, तो परत येणार नाही. जास्तीचं तेल काढायला त्याने ती दोन दिवस लाकडाच्या भुशात पुरून ठेवली. मग एरंडेलाचा एक पातळ हात, मग मेण. पैसे सांगितले शंभर. मी जास्त द्यायला गेले तर म्हणाला, मेण तुमचं होतं.

आता ती रोज माझ्यासोबत शाळेत येते. परवा स्टाफरूममध्ये एका मॅडमनी विचारलं, "मस्त आहे हो, कुठून घेतली?" मी म्हटलं, माझ्या आजोबांची. ते अकोल्याला कातड्याच्या गोदामात मुनीम होते. त्यांनी बॅगेवरून हात फिरवला, मग हात वास घेऊन पाहिला, आणि म्हणाल्या, "वास नाही येत पण."