दहावी सुटेना, अकरावी मिळेना

"काय रे, करू का अपग्रेड?"

सध्या हा प्रश्न मला "लग्न कधी करतोयस?" यापेक्षाही जास्त वेळा विचारला जातो. लिफ्टमध्ये, कँटीनच्या रांगेत, डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकलेल्या अवस्थेत... ऑफिसात चार कीबोर्ड शॉर्टकट पाठ असलेला माणूस आपोआप 'कम्प्युटरवाला' होतो, आणि मग त्याची सुटका नाही.

तर दोस्तहो, मामला आहे विंडोज १० आणि विंडोज ११ चा. म्हणजे दहावी आणि अकरावीचाच! मराठी घरात दहावीनंतरच्या टेन्शनबद्दल वेगळं सांगायला नकोच. फक्त इथे गंमत अशी की विद्यार्थी जायला तयार नाही, आणि शाळेने मात्र १४ ऑक्टोबर २०२५ लाच दहावीचा वर्ग बंद केलाय.

बंद म्हणजे नक्की काय?

आधी एक गैरसमज दूर करू. त्या तारखेला कुणाचाही कम्प्युटर बंद पडला नाही. विंडोज १० आजही सुरू होतं, एक्सेल उघडतं, गाणी वाजतात. मग बंद झालं ते काय? तर मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळणारे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट्स.

सोसायटीचं उदाहरण घ्या. गेटवर वॉचमन आहे. पण कंपाऊंडच्या भिंतीला भगदाड पडलं की ते बुजवायला येणारा गवंडी यायचा थांबलाय. वॉचमन म्हणजे तुमचा अँटीव्हायरस. विंडोजमधल्या डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. छान! पण भिंत पडकी असेल तर एकटा वॉचमन काय काय बघणार?

"हॅ, माझ्या लॅपटॉपमध्ये कोण कशाला घुसेल?" हा डायलॉग मी रोज ऐकतो. त्यावर उत्तर २०१७ सालचं आहे. त्या वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा अपडेट दिला. लाखो लोकांनी 'रिमाइंड मी लेटर' केलं. १२ मे ला 'वॉनाक्राय' आला आणि त्याच भगदाडातून दीडशे देशांतल्या दोन लाखांहून जास्त मशिन्सवर खंडणीची चिठ्ठी लावून गेला. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटल्सना पेशंटच्या अपॉइंटमेंट्स रद्द कराव्या लागल्या. दीड महिन्याने 'नॉटपेट्या' आला. तेच भगदाड, जोडीला चोरलेले पासवर्ड. त्याने थेट आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटीमधल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. यातला कुणीही हॅकर कुणा एकाच्या मागे लागला नव्हता. जिथे भगदाड दिसलं तिथे शिरला, एवढंच.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण अपडेटला घाबरणारे सगळेच काही येडे नसतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका गंडलेल्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. म्हणजे अपडेटनेही लोच्या होतो. पण तो लोच्या काही तासांत सगळ्यांना कळतो आणि दुरुस्तीला माणसं धावतात. न बुजवलेलं भगदाड मात्र गप्प बसून असतं.

एक आड एक थिअरी

ऑफिसातल्या सीनियर मंडळींचा एक लाडका फंडा आहे: 'विंडोज एक आड एक चांगलं निघतं.' ९८ चांगलं, एमई भंगार. एक्स्पी झक्कास, व्हिस्टा डोक्याला शॉट. ७ सॉलिड, ८ मध्ये स्टार्ट बटणच गायब. ९ आलंच नाही, १० बरं निघालं. सबब ११ सोडायचं आणि १२ ची वाट बघायची!

थिअरी गप्पांना मस्त आहे, पण तिच्यावर बँकेचा पासवर्ड ठेवू नका. वाट बघत बसल्याने काय होतं ते एक्स्पीने दाखवलंय. हिरव्या टेकडीवर आपलं इतकं प्रेम होतं, की ८ एप्रिल २०१४ ला सपोर्ट संपूनही एक्स्पी जागेवरून हलेना. शेवटी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून सांगावं लागलं, की एटीएममधली एक्स्पी जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढा. म्हणजे चार वर्षं आपण पैसे काढत होतो ते कुठल्या मशिनमधून, कल्पना करा!

कट-ऑफ लिस्ट

बरं, ठरवलं की जायचं अकरावीत. फी नाही, विंडोज १० अधिकृत असेल तर ११ फुकट आहे. पण ॲडमिशनला कट-ऑफ आहे. कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. (प्रत्यक्षात ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर चहा करून या, पिऊन या, मग लॉगिन होईल.) खरी मेख दोन गोष्टींत आहे.

पहिली म्हणजे प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जा. 'आय-५' नंतरचा आकडा बघा. ७२०० दिसला तर सातवी पिढी, आऊट. ८२५० दिसला तर आठवी, इन. एका आकड्याने ॲडमिशन हुकण्याचं दुःख आपल्याला नवं नाही.

दुसरी म्हणजे टीपीएम २.०. ही तुमच्या मशिनमधली छोटी तिजोरी. पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या हार्ड डिस्कवर उघड्या न ठेवता ती आपल्या पोटात ठेवते. मजा अशी, की बऱ्याच मशिन्समध्ये ती असते पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. म्हणून 'तुमचा पीसी चालणार नाही' हा मेसेज आला की लगेच नवीन लॅपटॉपच्या जाहिराती बघू नका. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट ॲप नेमकं कुठे अडलंय ते सांगतं. फक्त टीपीएमवर अडलं असेल, तर बायोसमध्ये इंटेलवाल्यांनी 'पीटीटी' आणि एएमडीवाल्यांनी 'एफटीपीएम' शोधून चालू करायचं. काम फत्ते!

आत गेल्यावर

अकरावीत गेल्यावर पहिले आठ दिवस सगळं चुकल्यासारखं वाटतं, तसंच इथे. स्टार्ट बटण मधोमध येऊन बसलेलं असतं (सेटिंग्जमधून डावीकडे नेता येतं). राइट क्लिक केलं की अर्धे ऑप्शन 'शो मोअर'च्या मागे लपलेले. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट उघडा, वनड्राइव्हवर फाइल ठेवा, असा लग्नाच्या पंगतीतला आग्रह प्रत्येक वळणावर. 'नको' म्हणायला लाजू नका.

मराठी टायपिंगची काळजी नको. इनस्क्रिप्ट तर आहेच, शिवाय २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये आलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड इथेही आहे.

तीन गोष्टी मात्र शपथेवर करा. एक, आधी सगळ्या फाइल्सचा बॅकअप, आणि तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दोन, अपग्रेड शनिवारी करा, सोमवारच्या प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री नाही. नाहीच आवडलं तर परत १० वर यायला दहा दिवस मिळतात, त्यानंतर तो दरवाजा बंद. तीन, 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. कागदावर. उद्या मशिनने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर स्वतःच्याच फोटोंपुढे स्वतःच परके!

कट-ऑफ हुकला तर?

इथे खरा प्रश्न सुरू होतो, कारण इथे पैसे लागतात. माझ्या टीममधल्या एका मुलीचा लॅपटॉप २०१७ चा. पहिल्या पगारांतून साठवून घेतलेला, सातवी पिढी, मशिन टकाटक. ती पंचावन्न हजारांचा ईएमआय काढायला निघाली होती. पीजीचं भाडं, गावी पाठवायचे पैसे आणि वर हा हप्ता. मी म्हटलं, "अगं थांब, आधी एटीकेटी घे!"

एटीकेटी म्हणजे ईएसयू, वाढीव सिक्युरिटी अपडेट्स. घरगुती मशिन्ससाठी मायक्रोसॉफ्टने ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची म्हणून जाहीर केली. किंमत ३० डॉलर, पण विंडोज बॅकअपने सेटिंग्ज सिंक केली तर फुकट. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मात्र लागतं, आणि मशिनवर विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन हवं. एका अकाउंटवर दहा मशिन्स बसतात, म्हणजे आई-बाबांचा कम्प्युटरही त्यात आला. तिने फुकटचा रस्ता घेतला आणि हप्त्याचे पैसे दर महिन्याला आरडीत टाकतेय. एटीकेटी म्हणजे पास नव्हे, हे तिलाही ठाऊक आहे. पण कर्ज काढून घेणं आणि साठवून घेणं यात पगारदार माणसासाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दुसरा रस्ता डिप्लोमाचा, म्हणजे साइडच बदलायची. लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट आहे, जुन्या मशिनवर सुखाने चालतं. पेन ड्राइव्हवर टाकून इन्स्टॉल न करताही आधी बघता येतं. ब्राउझर, मेल, सिनेमे, पत्रं लिहिणं एवढंच काम असेल तर बाबांना फरकही कळणार नाही. टॅली किंवा फोटोशॉप लागत असेल, तर या वाटेला जाऊ नका.

तिसरा रस्ता जुगाडू. तपासणीला चकवा देऊन जुन्या मशिनवर ११ घुसवायचं. होतं, पण मायक्रोसॉफ्ट जबाबदारी घेत नाही, पुढच्या अपडेट्सची हमी देत नाही. खेळण्याच्या मशिनवर करा, पोटापाण्याच्या नको.

पोटापाण्यावरून आमच्या बिल्डिंगखालचे डीटीपीवाले काका आठवले. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या पावत्या, वीस वर्षांच्या फाइल्स जुन्या मराठी फॉन्ट्समध्ये. मशिनवर ३२-बिट विंडोज १०, मागे लोंबणारं सॉफ्टवेअरचं डोंगल. त्यांनी मला एकच विचारलं, "अरे, तुझं दहा-अकरा मला कळत नाही. माझ्या पत्रिका उघडतील का, तेवढं सांग. लगीनसराई तोंडावर आहे."

प्रश्न बरोबर होता. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. फॉन्ट चालतात, पण त्या डोंगलचा जुना ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. आणि ३२-बिटवरून थेट अपग्रेडही होत नाही, सगळं पुसूनच टाकावं लागतं. कुणीतरी हौसेने 'काका, करून देतो' म्हणत ते केलं असतं, तर ऐन सीझनमध्ये दुकान बंद! म्हणून आम्ही त्या मशिनला हातच लावला नाही. फक्त त्याची नेटची वायर काढली आणि सगळ्या फाइल्सची दुसरी प्रत करून घरी ठेवली. मेल, नेटबँकिंग, गिऱ्हाइकांचे फोटो यासाठी त्यांच्या पुतण्याचा नवा लॅपटॉप. मधली ये-जा पेन ड्राइव्हने, आणि तो दर वेळी आधी स्कॅन करून. अगदी शंभर टक्के सुरक्षित नाही, पण बँकेचा पासवर्ड आणि पडकी भिंत आता एका घरात नाहीत.

सो, फायनल काय?

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर चिल, तो आयटीवाल्यांचा विषय आहे, स्वतः काही करू नका. स्वतःचा आहे आणि कट-ऑफमध्ये बसतो? मग या शनिवारी बॅकअप घ्या आणि करून टाका, 'एक आड एक'ची वाट बघू नका. बसत नाही, पण मशिन धडधाकट आहे? एटीकेटी किंवा डिप्लोमा. आणि खरोखरच दमला असेल, स्क्रीन हलते, बॅटरी दहा मिनिटं टिकते, तर नवीन घ्या, गिल्ट नको. जुना तेवढा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. या एका निर्णयापायी जगभरात सुमारे २४ कोटी पीसी कचऱ्यात जाऊ शकतात, असा कॅनॅलिस या संशोधन संस्थेचा डिसेंबर २०२३ चा अंदाज होता. आपल्या एकाची भर नको. अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि देण्याआधी डिस्क पुसा.

आणि हो, या वीकेंडला आई-बाबांच्या कम्प्युटरकडेही बघा. ते स्वतःहून विचारणार नाहीत. त्यांना वाटतं, तुम्ही बिझी आहात.

भेटू पुढच्या आठवड्यात!